रेडिएटरचा पंखा घरी बदललाय का? आपापले अनुभव लिहा

जुन्या गाडीचा रेडिएटर पंखा बंद पडला की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं: "पूर्ण असेंब्ली (मोटर, पातं, चौकट सगळं एकत्र) टाकावी लागेल." काम घरच्या पार्किंगमध्ये होण्यासारखं आहे, पण कुठे काय अडतं ते हात काळे करणाऱ्यालाच माहीत. दोष कसा ओळखलात, सुटा भाग कुठून आणलात, काय त्रास झाला, सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

पुणे, २००४ची पेट्रोल हॅचबॅक
हायवेला तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली, आणि स्वारगेटच्या सिग्नलला उभं राहिलं की चढायला लागायचा. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा जाळीतून जातोच, पंख्याची गरज पडते ती उभ्या गाडीला. त्यामुळे संशय थेट पंख्यावर गेला. (उलट वेगात गरम होत असेल तर इंजिन थंड ठेवणारं कुलंट, थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर हे आधी बघा.)

भाग विकत आणण्याआधी तपासणी केली. एसी लावला की पंखा फिरायला हवा, तो फिरेना. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा स्विच) पंख्याच्या रिलेच्याच पिनांचा आणि तेवढ्याच अँपिअरचा होता, तो अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. शेवटी पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीतून सरळ बारा व्होल्ट दिले, मध्ये फ्यूज लावून. नुसता 'टक्' आवाज. पातं बोटाने ढकललं की दोन फेरे फिरून परत थांबायचं. मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन झिजून संपले होते.

खोलताना इंजिन पूर्ण थंड असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, आणि तेव्हा आपली बोटं पात्यांत असतात. माझ्या गाडीला दहाच्या पान्याचे चार बोल्ट होते. खालचे दोन दिसत नाहीत, लांब एक्स्टेंशन लावून चाचपडत काढावे लागतात. असेंब्ली वर ओढण्याआधी पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये खोक्याचा पुठ्ठा सरकवा. ॲल्युमिनियमची जाळी इतकी नाजूक असते की नखानेही दुमडते.

नवीन असेंब्ली नाना पेठेतून आणली. जुनी सोबत नेली होती, प्लग आणि बोल्टांची भोकं काउंटरवरच जुळवून घेतली. बसवल्यावर गाडी उभ्याने चालू ठेवून काट्यावर नजर ठेवली. पंखा लागला, थोड्या वेळाने आपोआप थांबला, परत लागला. हे चक्र दिसेपर्यंत बोनेट लावू नका.

नाशिक
माझ्याकडे मोटर ठणठणीत होती, दोष प्लगमध्ये होता. बाहेरून सगळं ठीक, पण ओढून काढला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं. लहान गाडीची मोटरसुद्धा दहा-बारा अँपिअर सहज ओढते. पिन सैल झाली की तिथे उष्णता होणारच. वायरिंगवाल्याकडून त्याच मापाच्या जाड तारेचा नवा प्लग जोडून घेतला. असेंब्लीच्या मानाने खर्च किरकोळ. एवढं सांगते, पंख्याला शिव्या देण्याआधी प्लग उघडून बघा.

रत्नागिरी
मोटर रिपेअर करून आणली, पंखा जोरात फिरतोय, तरी गाडी गरम. रिपेअरवाल्याने तारा उलटसुलट जोडल्या होत्या. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, हा पुढे ढकलत होता. ओळखायची रीत सोपी: समोरच्या जाळीवर कागद धरा. तो चिकटायला हवा, आमचा उडून अंगावर आला. प्लगमधल्या दोन तारा बदलल्या, संपलं काम.

टोरांटो
पंखा बदलणं पाऊण तासाचं काम, आणि बोल्ट काढणं हे दिवसभराचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालच्या बोल्टांना खाऊन टाकतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी एकाचं डोकं तुटलंच. ड्रिल मारून काढलं आणि परत बसवताना सगळ्यांना ग्रीस लावलं. एक सूचना: सांडलेलं कुलंट लगेच पुसा. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांच्या जिवावर बेततं.

सातारा
खंबाटकी चढताना पंखा गेला तर काय करावं, तेही कुणीतरी लिहा की! मी सांगतो: एसी बंद, हीटर पूर्ण, ब्लोअर फुल. आत घामाघूम होता, पण इंजिनची थोडी उष्णता निघून जाते. काटा तरीही चढला तर बाजूला घ्या. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणी कितीही म्हणालं तरी उघडायचं नाही. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

सोलापूर
आमच्या वडिलांच्या पद्मिनीला ही भानगडच नव्हती. पंखा पट्ट्यावर, इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. सिग्नलला इंजिन मंद तर पंखाही मंद, हा तोटा होताच म्हणा.

ठाणे, गॅरेज चालवतो
सगळं बरोबर लिहिलंय, पण मोटर चांगली निघाली तर पुढे काय? नव्या गाड्यांत पंखा कंप्युटर चालू करतो. इंजिन चालू असताना कुलंट सेन्सरचा प्लग काढा, बऱ्याच गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. फिरला तर मोटर, रिले, वायरिंग ठीक, सेन्सरवर संशय घ्या. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत थर्मोस्विच (तापल्यावर पंखा लावणारा स्विच) असतो, त्याच्या दोन तारा एकमेकींना टेकवून तेच बघता येतं. असेंब्ली विकणं आम्हाला सोपं जातं हे खरं, पण या तपासणीला पाच मिनिटं लागतात, गिऱ्हाइकाने मागून घ्यावी.

मुंबई
कुर्ल्याला जुन्या बाजारात मोटर मिळतेय, निम्म्याहून कमी भावात. घ्यावी का?

पुणे
घ्या, पण दुकानातच बॅटरी लावून चालवून बघा. सुरू होताना पात्याला धक्का द्यावा लागला किंवा घरघर आली तर परत ठेवा. मोटरचा दांडा बोटाने वरखाली हलवून बघा, खेळ जाणवला म्हणजे दांड्याला आधार देणारं बुश गेलंय.