रोड बाइक: अ‍ॅल्युमिनियम, क्रोमोली की जुनी कार्बन?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. राहणार पुणे, वजन ७४ किलो. रविवारी १०० किमीच्या राइड, पुढे २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. बजेट ओढूनताणून एक लाख. त्यात नवी अ‍ॅल्युमिनियम (फोर्क कार्बनचा), नवी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) किंवा जुनी कार्बन बसते. अ‍ॅल्युमिनियमने पाठ आणि मनगटं जातात म्हणतात. कितपत खरं?

चेनलिंक:
अर्धवट खरं, तेही जुनं. अ‍ॅल्युमिनियम धातू स्टीलपेक्षा तिपटीने जास्त लवतो. पण वारंवार लवला तर थकून तडकतो, म्हणून नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात, आणि व्यास वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो. तरीही फ्रेम कसलीही असो, उभ्या दिशेने ती जेमतेम दबते. टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न मटेरियलचा नाही, "किती रुंद टायर बसतो?" हा विचारा. ३२ मिमी बसत नसेल तर आपल्या रस्त्यांसाठी ती बाइक सोडा. रिम ब्रेकवाल्या बऱ्याच फ्रेम २५-२८ वर अडतात, डिस्क ब्रेकवाल्या एंड्युरन्स (लांब राइडसाठी आरामशीर बसणीच्या) फ्रेममध्ये ३२ सहसा जातो.

हवा: तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये मागे ७५, पुढे ७० पीएसआयपासून सुरुवात करा, ३२ मध्ये मागे ६०, पुढे ५५. लोक सवयीने १०० मारतात आणि मग फ्रेमच्या नावाने बोटं मोडतात. खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर हवा कमी आहे, ५ ने वाढवा.

मनगटांचं म्हणाल तर हँडल फार खाली असणं हे नेहमीचं कारण. रेस जॉमेट्री (पुढे वाकून बसायला लावणारी ठेवण) घेऊ नका.

लोखंडीमाणूस:
टायरचं मान्य. पण कॅरियर, पॅनियर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) लावून लांब जायचं असेल तर क्रोमोलीच घ्या. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अर्धा-पाऊण किलो जड, म्हणजे पाण्याची एक भरलेली बाटली. वाकलेला हँगर (मागचा डिरेलर टांगायचा फ्रेमचा कान) सरळ करता येतो, तडा गेला तर जोडता येतो. मात्र गल्लीतल्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. बटेड (टोकांना जाड, मधे पातळ) नळीची भिंत मधे ०.५-०.६ मिमी असते, भोकच पडेल. टिग वेल्डिंग किंवा पितळेचं ब्रेझिंग करणारा शोधा. आणि स्टिकर वाचा: ४१३० किंवा रेनॉल्ड्स ५२० ठीक, 'हाय-टेन' असेल तर ते नुसतं जड लोखंड.

गंज आतून लागतो. सीटपोस्टच्या फटीतून पावसाचं पाणी उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस फिरतो तिथे) साचतं. खाली निचऱ्याचं भोक आहे का बघा, नळ्यांच्या आत मेणाचा स्प्रे मारा. कोकणात राहणाऱ्याने तर हे पहिल्याच दिवशी करावं.

चेनलिंक:
पॅनियर नसेल तर माझं मत अ‍ॅल्युमिनियमलाच. वाचलेल्या पैशात चांगले ३२ चे टायर आणि २७.२ मिमीची कार्बन सीटपोस्ट. ती जितकी बाहेर दिसते तितकी लवते, म्हणून उतरत्या टॉप ट्यूबची (वरच्या नळीची) फ्रेम बरी. पोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची आणि क्लॅम्प टॉर्क रेंचने, त्यावर छापलेल्या आकड्याइतकाच, बहुधा ५ न्यूटन मीटर. ग्रीस लावलं की पोस्ट घसरते, मग माणूस आवळत सुटतो आणि कार्बन चिरडतो. पावसाळा संपला की पोस्ट काढून पुसून परत बसवा. अ‍ॅल्युमिनियम, कार्बन आणि खारट घाम एकत्र आले की धातू गंजून पोस्ट कायमची अडकते.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा (बीएसए) मिळाला तर उत्तम, प्रेसफिट (आटे नसलेला, दाबून बसवलेला) पुढे कुरकुरतो. उघडताना लक्षात ठेवा, चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात.

घाटमाथा:
पॅनियर नाही लावणार. मग जुनी कार्बन बादच का?

लोखंडीमाणूस:
बाद नाही, पण बघून घ्या. चाकं काढा, फ्रेम पुसा. चेनस्टेवर (चेनशेजारून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) चेन पडून खोल ओरखडे आहेत का, डाउन ट्यूबच्या (पुढून खाली पेडलकडे येणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला दगडाचे घाव आहेत का, ते टॉर्च तिरका धरून पाहा. नाण्याने टिचक्या मारत जा. टणक आवाज मधेच बद्द झाला तर आत थर सुटलेले असू शकतात. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) काढून फोर्कची नळी बघाच, तिथली चीर बाहेरून दिसत नाही. नवा रंग असेल तर का मारला ते विचारा. शेवटी सीटपोस्ट काढून दाखवायला सांगा. ती निघत नसेल तर भाव न करता परत या.