मदत हवी आहे: ४१व्या वर्षी यूथ वर्करची डिग्री अप्रेंटिसशिप घ्यावी का? (इंग्लंड)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर नुसती वाचत बसणारी. आज पहिल्यांदाच स्वतःचा प्रश्न घेऊन आले आहे. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची नाशिकची. बी.ए., बी.एड. आठ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. २०१७ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला आलो, २०२२च्या शेवटी आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळाला. मधल्या काळात एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायचं काम केलं, मग दुकानात टिलवर उभी राहिले. दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या यूथ क्लबमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. छोटी संस्था आहे, चर्चच्या हॉलमध्ये भरते. आता तिथेच आठवड्याला आठ तास पगारावर आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, "पूर्ण वेळ ये आणि डिग्री अप्रेंटिसशिप कर. साधारण तीन वर्षं लागतील, पगार आम्ही देऊ, युनिव्हर्सिटीची फी तुला भरावी लागणार नाही."

घरी सांगितलं. आई फोनवर म्हणाली, "अप्रेंटिस म्हणजे ते ओझरला एचएएलमध्ये आयटीआयची मुलं असतात तसं? या वयात?" सासूबाईंनी एकच वाक्य टाकलं, "पोरं खेळवायला डिग्री लागते होय?" नवरा विरोधात नाही, पण त्याचं एक्सेल उघडलेलं आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला एका संध्याकाळी मिळालं होतं, ते सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगी, असेल चौदा वर्षांची, सोफ्यावर बुटांसकट पाय टाकून बसली होती. माझ्या तोंडून शाळेतल्या आवाजात निघालं, "पाय खाली." तिने पाय खाली घेतले, जॅकेट उचललं आणि निघून गेली. पुढचे तीन आठवडे आली नाही. आमचे सीनियर यूथ वर्कर मला रागावले नाहीत. टोस्टला लोणी लावत म्हणाले, "शाळेत ती उठून जाऊ शकत नव्हती, इथे जाऊ शकते. आपलं सगळं काम या एका फरकावर उभं आहे." मी आठ वर्षं शिकवलं, पण पोरगं स्वतःच्या पायाने येतं आणि स्वतःच्या पायाने जाऊ शकतं, हे गृहीत धरून त्याच्याशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. (ती मुलगी चौथ्या आठवड्यात आली. मी काही बोलले नाही, चीज टोस्ट दिला.)

तर प्रश्न असे. हाताशी बी.ए., बी.एड. असताना मला हे सरकारी पैशात करू देतील का? की एक वर्षाचा पदव्युत्तर कोर्स पैसे भरून करावा? पगार किती धरायचा? एनएसएसची प्रोग्रॅम ऑफिसर म्हणून मी चार शिबिरं घेतली आहेत, त्याचा इथे काही उपयोग? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, नोकरी, अभ्यास आणि दहा वर्षांचा मुलगा असं तिन्ही कुणी निभावलंय का?

शुभा_कॉव्हेंट्री

गोदाकाठ, मी एका कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) ट्रेनिंग विभागात आहे, अप्रेंटिसशिपचे कागद रोज हातातून जातात. सरळ मुद्द्यावर येते.

आधीची पदवी आडवी येत नाही. वयाला वरची मर्यादा नाही. अट एवढीच की या शिक्षणातून तुमच्या अंगी खरोखर नवं काही आलं पाहिजे. सुरुवातीला आधीच्या ज्ञानाची तपासणी होते. तिथे एनएसएस, बी.एड. सगळं लिहा, पण भान ठेवून. "मला सगळं येतं" असं दिसलं तर अभ्यासक्रम आणि त्याचा निधी दोन्ही कापले जातात.

रहिवासाचा नियम म्हणजे इथे कायदेशीर राहण्या-काम करण्याचा हक्क आणि आधीची तीन वर्षं इथेच वास्तव्य. तुम्ही बसता. हे वाचणाऱ्या स्टुडंट व्हिसावाल्यांनी मात्र आशा ठेवू नये, त्या व्हिसावर अप्रेंटिसशिप होत नाही.

फी तुमच्याकडून घेणं नियमातच बसत नाही, थोडीशीसुद्धा नाही. वर्षाला ३० लाख पौंडांपेक्षा जास्त पगार वाटणारे मालक त्या पगाराच्या ०.५ टक्का लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरतात आणि त्यातून शिक्षणाचा खर्च निघतो. तुमची संस्था लहान, म्हणजे तुमच्या वयाच्या उमेदवारासाठी तिला ५ टक्के भरावे लागतील, उरलेले ९५ टक्के सरकारचे. तेही जड जात असतील तर एखाद्या मोठ्या कंपनीची किंवा कौन्सिलची न वापरलेली लेव्ही मागून घेता येते. मोठ्या मालकांना आपल्या लेव्हीतला अर्धा भाग दुसऱ्यांना देण्याची मुभा २०२४ पासून आहे. मॅनेजरबाईंना हे माहीत आहे का, हळूच विचारा. लहान संस्थांना बऱ्याचदा नसतं.

पगाराचं जपून. एकोणिसाच्या वरच्या अप्रेंटिसलाही पहिल्या वर्षी अप्रेंटिस दर देणं कायद्यात बसतं. एप्रिल २०२६ पासून तो तासाला ८ पौंड, आणि तुमच्या वयाचा नेहमीचा किमान दर १२.७१. हा फरक लहान नाही. "पगार आम्ही देऊ" यातला पगार कोणता, ते कागदावर घ्या.

अर्धवट_चहा

शुभाताईंनी कागद सांगितले, मी कामाचं सांगतो. मी २०१४ पासून पात्र यूथ वर्कर आहे. आधी कौन्सिलमध्ये होतो, आता एका संस्थेत.

सासूबाईंना सांगा, इंग्लंडमध्ये २०१० पासून यूथ वर्करची व्यावसायिक पात्रता मिळवायला पदवीच लागते, आणि ती नॅशनल यूथ एजन्सीने मान्य केलेली असावी लागते. (हिचं मुख्यालय तुमच्याच गावात, लेस्टरला.) तिला आम्ही जेएनसी पात्रता म्हणतो. जेएनसी म्हणजे यूथ वर्करचे पगार ठरवणारी समिती, तिची पगारश्रेणी असते. म्हणून युनिव्हर्सिटीला पहिला प्रश्न हाच विचारा, "शेवटी जेएनसी मिळणार ना?" नावात यूथ असलेली प्रत्येक पदवी जेएनसी देत नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा तीन वर्षं शिकल्यावर कपाळाला हात लावून बसला.

आता दुसरी बाजू. सोशल वर्कर हे नाव इथे कायद्याने राखलेलं आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. यूथ वर्कर हे नाव कुणीही लावू शकतो. वेल्समध्ये नोंदणी सक्तीची आहे, इंग्लंडमध्ये नाही. त्यामुळे जाहिरातीत यूथ वर्कर लिहिलेलं आणि पगार मदतनिसाचा, असं सर्रास दिसतं. त्यात २०१०नंतर कौन्सिलांनी यूथ सर्व्हिसवरचा खर्च दोन तृतीयांशाहून जास्त कापला. मी सुरुवात केली ती इमारत आता फ्लॅट्स झाली आहे. आजचं काम बरंचसं संस्थांकडे आहे, आणि संस्था दोन-तीन वर्षांच्या निधीवर जगतात. तुमच्या संस्थेचा निधी कधी संपतो? अप्रेंटिसशिपच्या मध्यावर संपत असेल तर काय, हे आत्ताच विचारा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, चांगली मॅनेजर असेल तर तिला बरंच वाटेल.

बाकी, पाय-खालीवाला किस्सा वाचून हसलो. शाळेतून आलेले सगळे तिथेच ठेचकाळतात. पोलिसातून आलेले तर दारातच.

रेवा_नॉटिंगहॅम

मी हीच अप्रेंटिसशिप करते आहे, दुसरं वर्ष. वय ३६, मुलगी सहा वर्षांची. शेवटचा प्रश्न माझ्यासाठीच आहे असं वाटलं.

आठवडा असा जातो: सोमवारी ऑनलाइन लेक्चर, मंगळवार ते शुक्रवार काम, त्यातल्या तीन संध्याकाळी सेशन. महिन्यातून एकदा दोन दिवस कॅम्पसवर. अभ्यासाचा वेळ कामाच्या तासांतच मिळायला हवा, हा नियम आहे. पूर्वी आठवड्याला किमान सहा तास असं धरत, ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अप्रेंटिसशिपचे एकूण किमान तास ठरवून दिले आहेत. कागदावर.

प्रत्यक्षात पहिल्या वर्षी माझ्या इथे कुणीतरी आजारी पडलं की पहिला बळी माझ्या सोमवारचा जायचा. "आज जरा सेशन बघ ना, अभ्यास रात्री कर." चार महिने मी हो म्हणत गेले. रात्री अकराला मुलगी झोपल्यावर लॉग (कामाची रोजनिशी) लिहायला बसायचं आणि "आज सेशनमध्ये मला काय वाटलं" या प्रश्नापुढे कर्सर लुकलुकत असायचा. मला झोप येत होती, एवढंच वाटत होतं. शेवटी युनिव्हर्सिटीच्या ट्यूटरनेच तिमाही बैठकीत विषय काढला, मग थांबलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून तो दिवस रोटावर (ड्युटीच्या वेळापत्रकावर) लाल रंगात टाकून घ्या.

निबंधांची भीती बाळगू नका, बी.एड. झालेल्या आहात. अवघड जातं ते स्वतःबद्दल लिहिणं. आपल्याकडे "मी" लिहायची सवय कुठे असते? पहिल्या लॉगवर मला शेरा आला होता, "तू कुठे आहेस यात?" मी आपलं सगळं "असे केले गेले", "असे ठरले" थाटात लिहिलं होतं.

आणि संध्याकाळचं घरी आधी ठरवा. सेशन साडेनऊला संपतं, आवरून निघेपर्यंत दहा. आठवड्यातून तीन रात्री मुलाला झोपवायला तुम्ही नसणार. एक्सेलमध्ये हे पण घाला म्हणावं.

हिशेबी_माणूस

मी यांच्या नवऱ्याच्या बाजूने. बी.ए. हातात आहे तर तीन वर्षं दुसरी पदवी कशाला? जेएनसी देणारे पदव्युत्तर कोर्स आहेत, पूर्ण वेळ एक वर्ष. पूर्ण मास्टर्स घेतलं तर साधारण १३ हजार पौंडांचं सरकारी कर्ज मिळतं, नुसत्या डिप्लोमाला नाही. एका वर्षात पात्र व्हा, उरलेली दोन वर्षं पूर्ण पगार घ्या.

शुभा_कॉव्हेंट्री

@हिशेबी_माणूस, गणित बरोबर आहे, पण त्या वर्षात पगार शून्य आणि वर प्लेसमेंटचे, म्हणजे संस्थेत जाऊन अनुभव घ्यायचे, तास. त्या बाई आठ तासांवर आहेत, तेही सोडावे लागतील. मात्र एक खरं, हा पर्याय फक्त आधीची पदवी असलेल्यांनाच आहे, म्हणून तोलून बघायला हरकत नाही. गोदाकाठ, अप्रेंटिसशिपमधून थेट मास्टर्स पातळीला जायचा रस्ता तुम्हाला नाही, २०२६च्या जानेवारीपासून सातव्या (मास्टर्सच्या) पातळीचा निधी फक्त २१ वर्षांपर्यंतच्यांना आहे. तुमची ही सहाव्या (पदवीच्या) पातळीची, तिला तो नियम लागू नाही.

दहावीची गुणपत्रिका शोधून ठेवा. एकोणिसाच्या वरच्यांना अप्रेंटिसशिपसाठी इंग्रजी-गणिताची सक्ती आता उठली आहे, पण युनिव्हर्सिटी स्वतःची अट घालू शकते. मग एनिककडून (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या बरोबरीचं ते सांगणारी संस्था) एसएससीची तुलना करून घ्यावी लागेल.

पंचवटीचा_पोपट

नाशिककर म्हणून एकच सूचना. क्लबमध्ये टोस्टऐवजी मिसळ ठेवा, पोरं जागची हलणार नाहीत.

गोदाकाठ

पोपटराव, ठेवली होती! दिवाळीच्या आठवड्यात. एका मुलाने तर्री बघून विचारलं, "हे तेल आहे की इशारा?" तरी दोनदा घेतली.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याबरोबर बसून सगळं वाचून काढलं. मास्टर्सचा रकाना आम्ही भरला, एक वर्ष बिनपगारी आम्हाला झेपत नाही. त्यामुळे तो खोडला.

आज मॅनेजरबाईंना तीन गोष्टी विचारल्या. दर कोणता? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून १२.७१, अप्रेंटिस दर आम्ही कुणालाच देत नाही. जेएनसी? हो, युनिव्हर्सिटीचं पत्र दाखवलं. निधी कधीपर्यंत? यावर त्या थोडं थांबल्या. मुख्य निधी आणखी बावीस महिने आहे, पुढचा अर्ज चालू आहे. पाच टक्क्यांचं त्यांनी स्वतःहून सांगितलं, लेव्ही मागून घेण्याचं मात्र त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. शुभाताई, तुमचं वाक्य मी तसंच्या तसं पाठवून दिलं आहे.

म्हणजे आता अडलंय ते तीन वर्षांतल्या शेवटच्या चौदा महिन्यांवर. @अर्धवट_चहा, संस्था मध्येच बंद पडली तर दुसऱ्या मालकाकडे जाऊन उरलेली अप्रेंटिसशिप पूर्ण करता येते का? तुमच्या पाहण्यात कुणी केलंय का?

अर्धवट_चहा

करता येते. नवा मालक मिळाला आणि युनिव्हर्सिटी तीच राहिली तर झालेलं वाया जात नाही. माझ्या टीममध्ये गेल्या वर्षी अशीच एक जण आली, तिची आधीची जागा निधीअभावी गेली होती. पण मालक तिचा तिनेच शोधला, आणि सापडला तो ओळखीतून. म्हणून पहिल्या वर्षापासून बाकीच्या क्लबांत, कौन्सिलच्या बैठकांत, रस्त्यावर पोरांत जाऊन (डिटॅच्ड) काम करणाऱ्या टीममध्ये तोंड दाखवत राहा. एखादी संध्याकाळ दुसऱ्या संस्थेत प्लेसमेंट म्हणून मागा, तशीही अनुभवासाठी ती चांगलीच.

सही करण्याआधी मॅनेजरबाईंकडून एवढं लिहून घ्या, की निधीचं काही वाईट कळलं तर तुम्हाला किमान तीन महिने आधी सांगतील.

गोदाकाठ

लिहून मागते. मंगळवारी सेशनच्या आधी भेट ठरली आहे. अर्जासोबत पाचशे शब्दांत "मला यूथ वर्कर का व्हायचं आहे" लिहायचं आहे. सोफ्याचा किस्सा लिहू का, की त्यात माझीच चूक दिसते म्हणून नको? रेवा, तू काय लिहिलं होतंस?

रेवा_नॉटिंगहॅम

सोफाच लिहा. चौथ्या आठवड्यात तुम्ही काय बोलला नाहीत, ते नीट लिहा.