आठ वर्षांच्या मुलीला गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, शिकवायचे आहे. सुरुवात कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. आमचे गाव राजापूर तालुक्यात असून घर खाडीच्या अगदी काठाला आहे. लहानपणी मी आजोबांबरोबर धक्क्यावर बसून गरवत असे. या दिवाळीच्या सुट्टीत मला मासे पकडायला शिकवा, असे माझी आठ वर्षांची मुलगी स्वतःहून म्हणाली, याचा मला फार आनंद झाला. मे महिन्यात एकदा प्रयत्न केला होता, परंतु भर दुपारी तीन तास बसूनही काहीच लागले नाही आणि ती हिरमुसून घरी गेली. रीळ असलेली काठी विकत घ्यावी का? गरी, म्हणजे गळाचा आकडा, बोटात घुसण्याची भीती वाटते. शिवाय मासा मरताना पाहून तिच्या मनावर काय परिणाम होईल, हेही समजत नाही.

उत्तर १

माझे सारे आयुष्य मालवणच्या बाजूला खाडीकाठी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपली चूक वेळेची झाली असावी. खाडीत मासा पाण्याबरोबर चालतो. भरतीचे पाणी चढू लागले की तो कांदळवनाच्या कडेला चरायला येतो. आमच्याकडचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते. चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाण्याला ओढ फार असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती, असल्याने पाणी संथ चढते. म्हणून लहान मुलासाठी भाऊबीजेनंतर सहा दिवसांनी येणाऱ्या अष्टमीची संध्याकाळ निवडा. साडेचारला बसावे आणि सहाला उठावे. दीड तास पुरेसा आहे, त्याहून अधिक बसवू नये.

रीळ घेऊ नका. तंगूसाची (नायलॉनची) दोरी, लहान शिसे, एक बारीक गरी आणि आमिषाला सोललेली कोळंबी एवढेच न्या. दोरी तर्जनीवरून जाऊ द्या आणि बोटाने ऐकायला शिकवा. खरबी मासा आला की बारीक टुकटुक लागते. तांबोशी मासा एकच हिसका देऊन कांदळवनाच्या मुळांकडे पळतो. कुर्ली, म्हणजे खेकडा, आमिषाला चिकटली की दोरी नुसती जड होते. हे एकदा बोटाला कळले की मुले आपणहून शांत बसतात, असा माझा अनुभव आहे. काठीच्या टोकाकडे बघत बसण्यात ही गोडी नाही.

गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे ती बोटात गेली तरी सहज निघते आणि सोडायच्या माशालाही कमी इजा होते. काटा न दाबलेली गरी खोल रुतल्यास मागे ओढू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. शिंगाळा मासा लागला तर तो आपणच सोडवा, कारण त्याच्या परांचे काटे फार झोंबतात. काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात.

उत्तर २

मनाविषयी आईच्या नात्याने लिहिते. माझ्या मुलीने पहिला काळुंद्र मासा पकडला, तेव्हा तो धक्क्यावर तडफडत राहिला आणि मुलगी रडू लागली. चूक माझी होती, कारण पुढे काय होणार हे मी तिला आधी सांगितलेच नव्हते. त्यानंतर आम्ही नियम केला: हाताच्या पंज्याहून लहान मासा हात ओला करून लगेच पाण्यात सोडायचा आणि ठेवायचा मासा डोक्यावर एक घाव घालून तत्काळ मारायचा. ठेवलेला मासा त्याच दिवशी घरात शिजतो आणि खवले काढायला ती माझ्याजवळ बसते. ताटातला मासा कुठून येतो हे तिने पाहिले, याचे मला समाधान वाटते. एखाद्या दिवशी तिला मारणे नको वाटले, तर आग्रह करू नका.

उत्तर ३

पुण्याजवळच्या धरणांवर सराव करायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, कारण अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. देवस्थानच्या डोहात मात्र गळ टाकूच नये. गावी जाता-येता महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडी या डोहाशी थांबा. तेथील मासे देवीचे मानून कोणी धरत नाही. माणसाला न बुजणारे ते मोठे मासे मुलीने जवळून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिला पाऊणपटीचा हिशेब सांगितला. तेव्हापासून ती कॅलेंडर घेऊन रोजच्या भरतीची वेळ वहीत लिहीत आहे. आम्ही अष्टमीलाच बसू. एवढेच सांगावे, की खरबीसाठी किती बारीक गरी घ्यावी आणि ती राजापूरच्या बाजारात मिळेल, की पुण्याहूनच न्यावी?