मदत हवी आहे: कोडमधल्या साध्या चुकांची उदाहरणं

नमस्कार मंडळी. नाशिकला कॉलेज रोडजवळ दर रविवारी काही मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवतो. साध्या चुका फक्त नवशिक्यांच्याच होतात असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय. चूक झाली की बिचारी खचतात, ते मला बघवत नाही.

म्हणून अनुभवी लोकांनाही चकवणारी उदाहरणं गोळा करतोय. जावास्क्रिप्ट या भाषेतलं सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावणारी आज्ञा घ्या. लासलगावच्या कांद्याचे भाव समजून ९५०, १२००, २१०० दिले, तर क्रम येतो १२००, २१००, ९५०! कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ते आकड्यांना अक्षरं मानून, पहिल्या अक्षरापासून तुलना करत लावतं. एरर येत नाही, आणि सगळे भाव चार आकडी असतील तर उत्तर बरोबरच दिसतं. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते. दुसरं, ॲपलचं २०१४ मधलं प्रकरण: 'गोटू फेल' (म्हणजे 'फेल' नावाच्या भागाकडे थेट उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली आणि सुरक्षित कनेक्शनची एक महत्त्वाची तपासणीच वगळली गेली.

एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि पायथन या भाषांमधली अशी उदाहरणं हवी आहेत, शक्यतो तुमच्या कामातली. कंपनीचं नाव नको, चार-पाच ओळींचा कोड पुरे. शिवाय एक शंका: कंपायलरच्या (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वॉर्निंग, म्हणजे संशयास्पद कोडबद्दलच्या सूचना, पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला लावू, की त्याने मुलं घाबरतील? शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. नाशिकमधलं कुणी एखाद्या रविवारी येऊन बोलणार असेल तर फारच आनंद होईल.