आरपीजीत (पात्र बनून निर्णय घ्यायच्या गेममध्ये) वाईट रूट, म्हणजे खलनायकाचा मार्ग, घेतला की गेम रिकामा का होतो?

सिडकोवाला: नाशकात आमच्या ग्रुपमध्ये बाल्डर्स गेट 3 सगळ्यांनी खेळलाय, पण वाईट रूट पूर्ण केलेला एकजण नाही, आणि माझ्या मते दोष गेमचा आहे. निर्वासितांच्या ग्रोव्हवर हल्ला केला की कारलॅक, विल हे साथीदार सोडून जातात, हॅल्सिन हा साथीदार मिळत नाही, तिथले टीफलिंग (शिंगवाले निर्वासित) मेले म्हणजे पुढचे त्यांचे क्वेस्ट (कामगिऱ्या) गेले, डॅमन लोहाराचं दुकानपण गेलं. बदल्यात काय, तर हल्लेखोरांची म्होरकी मिन्थारा साथीला, आणि आता तर तिला नुसतं बेशुद्ध करून चांगल्या रूटवरपण घेता येतं! खलनायकाला स्वतःची माणसं, स्वतःची कामं, स्वतःची लफडी नकोत का?

पंचवटीकर: अजिबात पटलं नाही. माणसं मारलीस तर ती नसणारच ना भाऊ. अंडरटेल (2015) बघ, सगळ्यांना मारत गेलं की गावं ओस पडतात, दुकानात कोणी नसतं, आणि शेवटी सॅन्स या पात्राशी फाइट अशी की घाम फुटतो. तो रिकामेपणा अंगावर येतो, तेच तर हवंय.

गंगापूररोड: पैशाचंपण बघा. मास इफेक्ट या गेमवर काम केलेल्या एका डिझायनरने 2020 मध्ये सांगितलं होतं की साधारण 92 टक्के लोक पॅरागॉनच, म्हणजे चांगला मार्गच, खेळले. 8 टक्क्यांसाठी कोण एवढं लिहील?

सिडकोवाला: अहो पण त्यातला वाईट मार्ग, रेनेगेड, म्हणजे निम्म्या वेळा नुसता उर्मटपणा, कोण घेईल? फॉलआउट 3 मध्ये मेगाटन हे अख्खं गाव उडवायचं कशासाठी तर थोडे पैसे आणि टेनपेनी टॉवरमधली एक खोली. गावचा सावकार लाथा मारत फिरत नाही, तो उपकार करून ठेवतो आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसतो, तसा वाईटपणा खेळायला द्या. टिरनी (2016) हा गेम जवळ गेला होता, तिथे वाईट बाजू आधीच जिंकलेली, तुम्ही जग जिंकणाऱ्या कायरॉसचे अधिकारी आणि दोन फौजा तुम्हाला आपल्याकडे ओढतायत.

पंचवटीकर: तिथे तू हुकमाचा ताबेदार, निवड कुठे केलीस? कोटॉर (2003, स्टार वॉर्सवरचा गेम) मध्ये झालबार या साथीदाराच्या हातून मिशन नावाच्या मुलीला मारवता येतं, जिवलग मैत्रीण त्याची. ते टोचतं कारण तिच्यासोबत अख्खा गेम काढलाय.

सिडकोवाला: टोचतं, खरंय. पण ते येतं शेवटाकडे, मग स्टार फोर्जवरचा शेवटचा टप्पा आणि खेळ खलास. तोच सीन गेमच्या मध्यात ठेवा आणि पुढे झालबारसोबत त्याच जहाजात राहायला लावा, तो काय बोलतो, बाकीचे माझ्याशी कसे वागतात, कोण घाबरून गोड बोलतं, हे सगळं लिहा. त्यासाठी मी पूर्ण किंमत मोजीन.