करवल्या सहा, राबल्या किती?

राजारामपुरीची:
काल कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्ट येऊन पडली. ‘करवली म्हणजे फुकटची मॅनेजर नव्हे. मैत्रिणींना कामं वाटणारी नवरी आपमतलबी.’ खाली सतरा अंगठे. मग करवलीनं करायचं काय? मागं कऱ्हा घेऊन उभं राहायचं आणि रील काढायच्या? डिसेंबरात मैत्रिणीचं लग्न झालं. आम्ही सहाजणी. महाद्वार रोडवरनं बांगड्या, ब्लाऊजसाठी शिंप्याच्या दारात ठिय्या, मेंदीवाली, आहेराच्या पाकिटांची वही, आणि अक्षता पडायच्या आधी नवरीच्या पोटात दोन घास घालणं. एकेकीच्या नावावर एकेक काम. कुणी झिजलं नाही. नवरीच्या आईला निदान बसून लेकीचं लग्न बघता आलं.

पेठेतली:
सहाजणी राबल्या? अंबाबाईची शपथ घेऊन सांग. आमच्यातबी ठरलं होतं, ‘सगळ्या मिळून करूया’. नवरीच्या आज्जीचा साज गुजरीत सराफाकडं पॉलिशला टाकलेला. आणायचा कुणी, हे कुणीच बोललं नाही. लग्नादिवशी सकाळी डबा उघडला तर नुसती बोरमाळ. आठजणी एकमेकींच्या तोंडाकडं बघायल्या! शेवटी नऊवारी खोचून स्कुटीवरनं मीच गेलो. शटर उघडेपर्यंत सराफाच्या पायरीवर पाऊण तास बसलो. मेंदी, हळद सगळ्या फोटोत बाकीच्या सातजणी. माझा एकच फोटो, तोबी हेल्मेटमधला.

पुण्याची सून:
‘गेलो’, ‘बसलो’? ताई की दादा?

पेठेतली:
कोल्हापुरात बायका असंच बोलतात. सून झालीस तिथंच ऱ्हा.

कागलच्या मामी:
मैत्रिणी कधीपासून करवल्या झाल्या गं? करवली म्हणजे बहीण. तिला साडी मिळते, मान मिळतो, मग ती राबते. तुम्हाला काम नको, एकसारख्या साड्या तेवढ्या पायजेत. आणि रुखवत? त्याचं नाव एकीनंबी काढलं नाही.

राजारामपुरीची:
मामी, रुखवत आम्ही भाड्यानं आणलं. देखणं होतं.

कागलच्या मामी:
उद्या नवराबी भाड्यानं आणा.

पुण्याची सून:
भाड्याचंच बरं. माझ्या मैत्रिणी दोन रात्री थर्माकोलची सप्तपदी कापत बसल्या. सासरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता माळ्यावर आहे, झुरळांसकट.

पेठेतली:
थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पुण्यात चालतंय वाटतं.

पुण्याची सून:
माझं लग्न २०१६ चं. आधी विचारावं, मग बोलावं.

कागलच्या मामी:
माझ्या रुखवतात करंज्या, अनारसे, चिरोटे, मण्यांचं तोरण. तोरण मी स्वतः केलेलं. गल्लीतल्या बायका आठ दिवस आमच्या सोप्यात. कुणी वही घेऊन नावं लिहिली नव्हती.

राजारामपुरीची:
लिहिली नव्हती, पण जी आली नाही तिचं नाव तुम्ही अजून प्रत्येक लग्नात काढता, मामी.

कागलच्या मामी:
काढणारच! अंगात ताप म्हणाली आणि रंकाळ्यावर भेळ खाताना गावली.

पेठेतली:
मामी, थांबा जरा. राजारामपुरी, शपथ राहिली. सहातल्या किती?

राजारामपुरीची:
चार. दोघी ग्रुपवर नुसत्या अंगठा दाखवत होत्या. कालची पोस्ट त्यातल्याच एकीची. झालं समाधान?