भीती वाटली तेव्हा देवाला कशी हाक मारलीत? अनुभव लिहा

रात्री साडेदहानंतर फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. आई ८२ वर्षांची, वाईला एकटी. मी ठाण्यात. फोन उशाशी घेऊन पडायचे आणि दर तासाला उठून बघायचे. दोन वर्षं हे असंच चाललं. एकदा तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "तू तिथे जागून मी इथे जास्त जगणार आहे का गं? मला रामाच्या हवाली कर नि झोप."

तेव्हापासून रोज नऊला फोन करते. गोळ्या घेतल्यास ना, गॅस बंद केलास ना, शेजारच्या वहिनींकडे किल्ली आहे ना. मग देवापुढे बसून करुणाष्टकं म्हणते आणि शेवटी सांगते, रामा, माझ्या हातातलं झालं, पुढचं तुझं. पहिले काही महिने हे नुसते शब्द होते. मग एका सकाळी ध्यानात आलं, रात्रभर फोन बघितलाच नव्हता.

मोठे चमत्कार नकोत. अंधाराची, कुत्र्याची, परीक्षेची, एकटेपणाची अशी रोजची भीती देवाच्या आधाराने कशी पेललीत, तेवढंच लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

ताई, मी कुत्र्यांना घाबरायचे. लहानपणी पोटरीला चावलं होतं, तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. आता कामाला पहाटे सव्वापाचची बस धरते आणि गल्लीच्या तोंडाशी चार-पाच कुत्री असतातच. घरी दर गुरुवारी दत्ताची आरती असते. एकदा आरती म्हणता म्हणता तसबिरीतल्या त्या चार कुत्र्यांकडे नीट पाहिलं. त्यांना चार वेद म्हणतात हे ऐकून होते, पण त्या दिवशी वेगळंच वाटलं. ज्याच्यापुढे मी हात जोडते, त्याने यांना पायाशी जागा दिलीय. दुसऱ्या दिवशी "दिगंबरा दिगंबरा" पुटपुटत, चालण्याचा वेग न वाढवता त्यांच्यामधून गेले. एक उठलं, हुंगलं, परत बसलं. हल्ली पिशवीत भाकरीचा तुकडा असतो. त्यांच्यातलं काळं स्टॉपपर्यंत सोबत येतं.

*

आमची वाडी रस्त्यापासून अर्धा मैल आत. वाटेत वडाचा पार, आणि त्याच्याबद्दल नाही नाही त्या गोष्टी. मी सातवीत होतो. शिकवणीहून परतताना तिथून धूम ठोकायचो. आजीने भीमरूपी शिकवली आणि एकच अट घातली, धावत म्हणायची नाही. धावताना म्हटली की दम लागतो, शब्द तुटतात. त्यामुळे म्हणायची तर चालावंच लागायचं. पारापाशी आलो की "वज्र हनुमान मारुती" मोठ्याने, आणि पाऊल सावकाश. आजीने मला आधी चालायला शिकवलं, हे मी स्वतः बाप झाल्यावर कळलं.

*

मानेच्या दुखण्यासाठी एमआरआय सांगितला होता. बंद जागेत माझा जीव गुदमरतो. पहिल्या वेळी आत सरकवलं आणि दोन मिनिटांत मी हातातला रबरी फुगा दाबून बाहेर आलो. पन्नाशीचा माणूस, घामाने चिंब. परत आठ दिवसांनी बोलावलं.

त्या आठ दिवसांत आईने लहानपणी पाठ करून घेतलेली रामरक्षा पुन्हा काढली. दुसऱ्या वेळी आत गेलो, डोळे मिटले आणि कवचाच्या ओळीपासून धरलं. शिरो मे राघवः पातु. डोकं राघवाकडे दिलं. भालं दशरथात्मजः. कपाळ दिलं. यंत्राची ठकठक सुरू झाली, कानात बोळे असूनही डोक्यात घण बसावेत तशी. कण्ठं भरतवन्दितः, इथे मी अडलो, कारण श्वास नेमका तिथेच दाटला होता. तीच ओळ तीनदा म्हटली. मग खांदे, हात, हृदय, नाभी, गुडघे. एकेक अवयव मी त्याच्या ताब्यात देत होतो, आणि दिलेल्या अवयवाची काळजी खरंच सुटत होती. पादौ बिभीषणश्रीदः, पातु रामोऽखिलं वपुः. सगळं शरीर त्याचं. पुन्हा डोक्यापासून. कितवं आवर्तन होतं आठवत नाही, फळी बाहेर सरकली आणि मुलगी म्हणाली, "झालं काका." फुगा हातात तसाच होता.

*

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. रामरक्षा मी इतकी वर्षं म्हणतेय, पण बुधकौशिक ऋषींनी डोक्यापासून पायापर्यंत असा एकेक अवयव का घेतला असेल, याचा कधी विचारच केला नव्हता. घाबरलेल्या माणसाला "मला सांभाळ" एवढं मोठं मागणं झेपत नाही. "माझा गळा सांभाळ" हे झेपतं.

*

टोरांटोहून. पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी चालवायची म्हटलं की हात कापायचे. सासूबाईंनी अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचा छोटा फोटो दिला होता, "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" लिहिलेला. गाडीत लावला. टायर बर्फाचे घातले, शिकवणाऱ्याकडे चार तास जास्त घेतले, आणि किल्ली फिरवण्याआधी फोटोकडे बघते. बस, इतकंच.

*

माझं थोडं वेगळं आहे. कारण नसताना छाती धडधडायची, हात बर्फासारखे पडायचे. मी जप वाढवत गेले. कमी होईना, तेव्हा वाटायला लागलं की माझीच भक्ती खोटी. यात एक वर्ष गेलं. शेवटी आमच्या देवळातल्या कीर्तनकार बुवांनीच खडसावलं, "अहो, डॉक्टरही त्यानेच पाठवलाय." औषध सुरू झालं, समुपदेशन झालं. माळ सोडली नाही. आता रोज एकशेआठ मणी शांतपणे होतात, भीतीला पळवून लावण्यासाठी नाही, आवडतं म्हणून. कुणी तुमची श्रद्धा कमी पडली म्हणालं, तर ऐकू नका.

*

हे लिहिलंत, फार बरं केलंत. मनापासून आभार.

*

मालवणकडचो. मुलगा पहिल्यांदा जहाजावर निघाला, नऊ महिन्यांसाठी. आमच्याकडे भीती मनात कोंडून ठेवत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. देवळात नारळ ठेवला, गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू दर्यापार जाता हा, त्येका सांभाळ रे म्हाराजा!" आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्यात माझा मोठा भाऊ होता, ज्याच्याशी जमिनीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. मुलाची काळजी एकट्याची राहिली नाही. वादळाची बातमी आली की बायको नि मी देवघराकडे तोंड करून तेवढंच म्हणतो, व्हय म्हाराजा.

*

मी लिहीत नाही कधी, नुसती वाचते. आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे. उद्या सकाळी साडेसातला बाबांची बायपास. रामरक्षा मला पूर्ण येत नाही. भीमरूपीही अर्धीच येते. काय म्हणू?

*

"श्रीराम" येतं ना? तेवढंच म्हणा. आणि आधी काहीतरी खाऊन घ्या, रात्र मोठी आहे.

*

मी सातला देवापुढे बसते. नाव सांगू नका, नुसतं "बाबा" म्हणून सांगेन त्याला.

*

आमच्याकडे टोरांटोत तेव्हा रात्रीचे साडेनऊ असतील. मीही बसते.

*

मी वडाच्या पाराचं लिहिणारा. मीही भीमरूपी म्हणेन, सावकाश.